बॅज म्हणजे चिलखत नव्हे

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथली अप्सरा अणुभट्टी 1956 साली सुरू झाली. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची सगळी नोकरी त्या आवारात गेली. "बॅज असायचा ना तुम्हाला? मग कसली भीती!" असं कुणी म्हणालं की ते हसतात. "अहो, तो विजेचा मीटर. मीटर बसवला म्हणून बिल थांबतं का?"

अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजणाऱ्या त्या बॅजमध्ये तीन चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. किरणांची थोडी ऊर्जा स्फटिकात अडकून बसते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती उजेड होऊन बाहेर पडते. उजेड जास्त, तर मात्रा जास्त. आपल्याकडे कामगारासाठी पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचं एकक) ही मर्यादा आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच.

पण मर्यादेच्या आत राहून वर्षानुवर्षं थोडं थोडं मिळालं तर? किरण पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडू शकतात. पेशी ते सांधते, क्वचित चुकीचं सांधते. अशा चुकीतून कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षंही लागतात, आणि झालेल्या गाठीवर कारणाचा शिक्का नसतो. म्हणून एका माणसाकडे पाहून काही कळत नाही. कळायला लाखो माणसं लागतात.

ती मोजदाद फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 3,09,932 अणुकामगारांवर झाली. 2023 साली आलेला निष्कर्ष असा: दर ग्रेमागे गाठींच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा दर 52 टक्क्यांनी वाढतो. आकडा दचकवणारा आहे खरा, पण ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणांचं एकक, एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे (गॅमा किरणांसाठी एक मिलिग्रे साधारण एक मिलिसिव्हर्टच), आणि या कामगारांची आयुष्यभराची सरासरी होती जेमतेम 18. गुणाकार केला तर वाढ साधारण एक टक्का भरते. ही वाढ सिगारेटमुळे तर नसेल, असा संशय होताच. फुप्फुसाचा कर्करोग वगळून पाहिलं, तरी निष्कर्ष फारसा हलला नाही.

माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हिरोशिमात एका क्षणात मिळालेल्या मात्रेपेक्षा हळूहळू मिळालेली मात्रा बरीच सौम्य असते, असं अनेकजण धरून चालत. कामगारांच्या आकड्यांनी त्या समजुतीला दुजोरा दिला नाही. उलट केरळात करुनागपल्लीच्या किरणोत्सर्गी मोनाझाइट वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांमध्ये कर्करोग वाढलेला आढळला नाही. दोन्ही अभ्यास नेटकेच आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

आणि निरीक्षण थांबलं तेव्हा त्या तीन लाखांतले दोन तृतीयांश कामगार हयात होते.