‘टेन्शन आहे रे’: कॉलेजातल्या सिगरेटची पार्श्वभूमी

सबमिशनचा आठवडा, कॉलेजबाहेरची टपरी. कटिंग चहा, दोघांत एक सिगरेट, शेवटचा झुरका कुणाचा यावरून घासाघीस. का ओढतोस म्हटलं की ठरलेलं उत्तर: ‘टेन्शन आहे रे.’ उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग उमगायला मानसशास्त्राला बरीच वर्षं लागली.

1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालानं सिगरेटवर फुप्फुसाच्या कर्करोगाचा ठपका ठेवला, पण ओढण्याला ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’च म्हटलं. दोन वर्षांनी मानसशास्त्रज्ञ सिल्व्हन टॉमकिन्स यांनी ओढणाऱ्यांचे प्रकार पाडले: मजेसाठी ओढणारे, मनातली धाकधूक दाबायला ओढणारे, सिगरेट हाताशी नाही एवढ्यानंच कासावीस होणारे आणि कधी पेटवली याचं भानच नसलेले. टपरीवर हे सगळे भेटतात. पहिल्यातला शेवटच्यात कधी सरकला, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. सर्जन जनरलच्या अहवालात ‘व्यसन’ हा शब्द ठामपणे यायला 1988 उजाडलं.

सिगरेट विकणाऱ्यांना मन आधीच कळलं होतं. 1929 च्या ईस्टरला न्यूयॉर्कमध्ये तरुणींना भर रस्त्यात सिगरेटी पेटवायला लावल्या गेल्या. नाव दिलं ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. हे घडवणारे प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज हे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे भाचे. घर सोडून होस्टेलवर आलेल्या पोराला पहिली सिगरेट आजही त्याच नावाखाली मिळते, फक्त देणारा रूममेट असतो.

टेन्शनचं काय? 1999 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू पॅरट यांनी मांडलं की सिगरेटनं मिळणारा आराम बहुतांशी निकोटीन उतरल्यानं आलेल्या अस्वस्थतेपासूनचा असतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. पेपर तीन तासांचा. शेवटच्या तासातली तगमग सगळी गणिताची नसते.

आपल्याकडे 2003 च्या कायद्यानं शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी घातली. महाराष्ट्रानं 2020 मध्ये सुट्या सिगरेटींची विक्रीही बंद केली, कागदावर तरी. विद्यार्थ्याच्या खिशाला पाकीट परवडत नाही, सुटी परवडते. पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचा इशारा छापलेला असतो, पण ते पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं. पोराच्या हाती येते ती कोरी पांढरी सिगरेट, आणि सुतळीला टांगलेला लायटर.