तुरुंग कशाने भरतात : कायदा, शिक्षेची मुदत आणि कच्चे कैदी

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे मुख्य पीठाबाहेर बसणाऱ्या न्यायपीठाचे, कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार यांनी त्यासाठी दीर्घ काळ आंदोलन केले होते. त्या आंदोलनाची चर्चा बहुतेक वेळा मुंबईच्या खेपा, वाया जाणारा पैसा आणि शहराचा मान या अंगाने झाली. कळंबा मध्यवर्ती कारागृहात किंवा बिंदू चौकातील सबजेलमध्ये खटल्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला मात्र या बेंचचा अर्थ निराळा आहे, कारण सत्र न्यायालयाने जामीन नाकारला की त्याचे पुढचे दार बेंच येईपर्यंत पावणेचारशे किलोमीटरवर होते. एखाद्या प्रदेशात किती माणसे गजांआड असतात हे ठरण्यात अशा अंतराचाही हात असतो. गुन्ह्यांच्या संख्येचा हात मात्र आपण धरून चालतो त्याहून बराच कमी असतो.

जगभरात आज सुमारे एक कोटी पंधरा लाख माणसे तुरुंगात आहेत आणि त्यांतली १८ लाखांच्या आसपास एकट्या अमेरिकेत आहेत. देशांची तुलना करताना दर लाख लोकसंख्येमागे किती कैदी, हे माप वापरतात. अमेरिकेत हा आकडा पाचशेहून अधिक आहे, एल साल्वादोरमध्ये तो हजाराच्याही पुढे गेला आहे, तर भारतात तो चाळीसच्या घरात आहे. भारतीय समाज अमेरिकी समाजापेक्षा बारा पट सज्जन आहे, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. कळंबा तलावाची पातळी जशी आत येणारे पाणी आणि बाहेर जाणारे पाणी यांवर ठरते, तशी कैद्यांची संख्या किती जण आत येतात आणि आत आलेला माणूस किती काळ राहतो यांवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी कायदेमंडळ, पोलीस आणि न्यायालये ठरवतात.

मुळात कैद ही नेहमीची शिक्षा म्हणून फार जुनी नाही. अठराव्या शतकापर्यंत युरोपात तुरुंग प्रामुख्याने खटल्यापूर्वी किंवा कर्ज फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवण्यासाठी होता. शिक्षा म्हणजे फाशी, फटके, दंड किंवा समुद्रापार रवानगी. आपल्याकडेही मराठा काळात दंडवसुली हीच सर्रास शिक्षा होती आणि किल्ल्यांवरची कैद बऱ्याचदा राजकारणासाठी असे. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी ताराबाई आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत ठेवले, ते गादीसाठी. १७६४ मध्ये इटालियन विचारवंत बेक्कारियाने क्रूर शिक्षांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला, १८२९ मध्ये फिलाडेल्फियात एकांतकोठड्यांचा प्रचंड तुरुंग उघडला, आणि माणसाला बंद ठेवून सुधारण्याची कल्पना रुजली. १८६० ची भारतीय दंड संहिता आणि १८९४ चा कारागृह अधिनियम याच विचाराच्या छायेत तयार झाले. कैद ही फाशीपेक्षा सौम्य शिक्षा म्हणून आली, त्यामुळेच ती सढळ हाताने देता येऊ लागली, असे म्हणायला जागा आहे.

अमेरिकेची कथा सर्वांत बोलकी आहे, म्हणून ती जरा सविस्तर पाहावी लागते. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी सूट त्यातच ठेवली. दक्षिणेतील राज्यांनी भटकणे, बेकार असणे, करार मोडणे असल्या गोष्टी गुन्हे ठरवून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पकडले आणि त्यांना खाणी, मळे आणि रेल्वेच्या कामावर भाड्याने दिले. असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या पाऊणशे वर्षांत देशातील कैद्यांचे प्रमाण फारसे हलले नाही. १९७२ मध्ये, स्थानिक जेल धरून, ते लाखामागे सुमारे १६१ होते. २००७ मध्ये ते ७६७ झाले.

या पस्तीस वर्षांत काय घडले? साठच्या दशकात गुन्हे खरोखरच वाढले होते, लोकांची भीती खोटी नव्हती, आणि शहरांतील दंगली व नागरी हक्कांची चळवळ यांमुळे ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हा निवडणुकीचा मुद्दा झाला. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हटले. १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अल्प प्रमाणातील अमली पदार्थांच्या विक्रीलाही दीर्घ मुदतीची सक्तीची शिक्षा लावली. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार पाच ग्रॅम क्रॅक (ओढण्याचे, खड्यांच्या रूपातले) कोकेन विक्रीसाठी बाळगणाऱ्याला जी किमान पाच वर्षे होत, ती पूड कोकेनसाठी पाचशे ग्रॅमला होत; क्रॅकच्या खटल्यांत पकडले जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाने तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप असा नियम केला, मग तो तिसरा गुन्हा चोरीचा का असेना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गुन्हे उतरू लागले, तरी तुरुंग २००८ पर्यंत भरतच राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ च्या अहवालात या वाढीचे मुख्य कारण म्हणून गुन्ह्यांकडे नव्हे, शिक्षेच्या धोरणाकडे बोट दाखवले.

याला तिथल्या रचनेचीही जोड आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा कमी होते. बहुतेक राज्यांत सरकारी वकील जिल्ह्यातून निवडून येतो. त्याला मते मिळतात कठोरपणाची, आणि त्याने पाठवलेल्या कैद्याचा खर्च मात्र राज्याच्या तिजोरीतून होतो. शिवाय नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी खटला न चालता, आरोपीने सौदा करून गुन्हा कबूल केल्याने होतात. सक्तीच्या दीर्घ शिक्षेची भीती जितकी मोठी, तितका हा सौदा सरकारी वकिलाला सोपा जातो. खासगी कंपन्यांचे तुरुंग हे सगळ्याचे मूळ असे अनेक जण मानतात, पण त्यांत एकूण कैद्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी असतात. नफेखोरी आहेच, परंतु तिच्यावर सगळा दोष ढकलला की मतदार आणि आमदार अलगद सुटतात.

इतर देशांची कारणे वेगवेगळी आहेत. सोव्हिएत संघात स्टालिनच्या अखेरच्या काळात छावण्या आणि वसाहतींत सुमारे पंचवीस लाख माणसे होती. १९५३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच निघालेल्या माफीने त्यांतली दहा लाखांहून अधिक सुटली. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर लाखाहून अधिक संशयित कोंडले गेले. नेहमीच्या न्यायालयांत ते खटले संपायला शंभर वर्षे लागतील असा हिशेब मांडला गेला, तेव्हा गावकीच्या ‘गचाचा’ न्यायसभा उभ्या करण्यात आल्या आणि २०१२ मध्ये त्या बंद होईपर्यंत त्यांच्यासमोर १९ लाखांच्या आसपास प्रकरणे निकाली निघाली. एल साल्वादोरने मार्च २०२२ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारानंतर आणीबाणी लागू केली, ऐंशी हजारांहून अधिक लोकांना पकडले आणि चाळीस हजार क्षमतेचा नवा तुरुंग बांधला. तिथले खून झपाट्याने घटले हे खरे आहे, आणि आरोप सिद्ध न होता हजारो माणसे आत आहेत हेही तितकेच खरे आहे.

उलट दिशेचे उदाहरण फिनलंडचे. १९१८ च्या यादवी युद्धापासून तिथे कठोर शिक्षेची सवय लागली होती आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिथले कैद्यांचे प्रमाण स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या शेजाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तज्ज्ञांनी आणि अधिकाऱ्यांनी ही लाजिरवाणी गोष्ट मानली, चोरीच्या शिक्षा कमी केल्या, सशर्त शिक्षा वाढवल्या आणि पॅरोल लवकर मिळेल असे केले. नव्वदच्या दशकात फिनलंड शेजाऱ्यांच्या ओळीत आले. त्या काळात गुन्ह्यांचा चढउतार चारही देशांत जवळपास सारखाच राहिला, म्हणजे तुरुंग रिकामे केल्याने फिनलंडचे काही वेगळे बिघडले नाही.

भारतात कैद्यांचा आकडा लहान दिसतो, पण आपल्याकडे गुन्हेगार ठरवण्याचा एक वेगळाच इतिहास आहे आणि त्यात कोल्हापूरला स्वतःची जागा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातच्या जात जन्माने गुन्हेगार ठरवली. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही राबवला गेला. पोलिसांकडे नोंदणी, गाव सोडायला परवानगी, कुंपणाआडच्या वसाहती हे सगळे त्यातून आले. सोलापुरातील ‘सेटलमेंट’ हा भाग त्याच काळाची खूण आहे. गावोगावी काही जातींच्या माणसांना चावडीवर रोज हजेरी लावावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांच्यावरील ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना वस्ती व पहाऱ्याची कामे दिली. आदल्या दिवशी संशयित असलेली माणसे दुसऱ्या दिवशी राखणदार झाली. बदलला होता तो फक्त दरबाराचा हुकूम. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मूळ कायदा रद्द केला, तरी मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा आणला आणि पोलिसांच्या वहीतली नावे पुष्कळशी तीच राहिली. कारागृह नियमावल्यांत या जमातींना सराईत मानणाऱ्या आणि जातीवरून कामे वाटणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्या. आज देशातील कैद्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून दोन तृतीयांशांच्या आसपास आहेत.

आपल्या तुरुंगांचे खरे वैशिष्ट्य मात्र कच्चे कैदी हे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार ४,३६,२६६ जागांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, यांचा खटला अजून संपलेला नव्हता. अमेरिकेत शिक्षा लांबली, आपल्याकडे तारखा लांबतात. विधी आयोगाने १९८७ मध्ये दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे सुचवले होते. आज ते वीसच्या थोडे वर आहेत. त्यात १९८५ चा अमली पदार्थ कायदा, १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का, २००८ मध्ये कडक झालेला बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा (यूएपीए) यांसारख्या कायद्यांनी जामिनाचा नेहमीचा नियम उलटा केला, म्हणजे आरोपी दोषी नसावा असे प्रथमदर्शनी न्यायाधीशाला वाटल्याखेरीज सुटका नाही.

१९७९ मध्ये बिहारमधील हुसेनआरा खातून प्रकरणात असे कैदी समोर आले, ज्यांची कच्ची कैदच त्यांच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून लांबली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा मूलभूत हक्क मानला. २००५ मध्ये कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्यांना सोडण्याची तरतूद झाली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ती मर्यादा एक तृतीयांशावर आणली, मात्र जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे, तसेच ज्यांच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले आहेत असे आरोपी वगळून.

जामीन मंजूर झाल्यावरही माणूस लगेच बाहेर येतोच असे नाही. न्यायालय स्थानिक जामीनदार मागते. जामीनदाराला सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला द्यावा लागतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या तरुणाला, किंवा हंगामात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुराला, असा माणूस या जिल्ह्यात कुठून मिळणार? केंद्राने २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद केली. त्यासाठी जिल्ह्याच्या अधिकारप्राप्त समितीने प्रकरण मंजूर करावे लागते, आणि समितीसमोर ते जाण्याआधी कारागृहाने व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची यादी वेळच्या वेळी काढावी लागते. बेंच जवळ आल्याने अर्जावरचा निर्णय लवकर होऊ शकेल. ही यादी मात्र कळंब्यात आणि कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयातच तयार व्हायची आहे.