शोध-सर्व्हरचा पासवर्ड ब्राउझरला का देऊ नये

इलास्टिकसर्चसारखा शोध-सर्व्हर झटकन उत्तर देतो, कारण कोणता शब्द कुठल्या नोंदीत आहे याची सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. पूर्वी अडचण अशी होती, की ९२०० क्रमांकाचे पोर्ट (सर्व्हरचे नेटवर्कवरचे दार) उघडे सापडले तर तो कुणालाही उत्तर देई. जुलै २०२० मध्ये 'म्याव' हल्ल्यात असे हजारो उघडे डेटाबेस पुसले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून सुरक्षा मुळातच चालू असते. साहजिकच, नवा वेब क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडे विनंत्या पाठवणारा प्रोग्राम, जोडायला गेलात की पहिले उत्तर येते ४०१ या स्थिती-क्रमांकाचे.

या ४०१चे इंग्रजी नाव 'अनऑथोराइज्ड', पण ते फसवे आहे. त्याचा खरा अर्थ 'आपण कोण?' एवढाच. 'ओळखलं, पण हे करायची परवानगी नाही' हे सांगायला ४०३ आहे.

ओळख पटवायची सर्वांत साधी रीत म्हणजे बेसिक ऑथेंटिकेशन. नाव, मग अपूर्णविराम (:), मग पासवर्ड; ही ओळ बेस६४ या अक्षरांकनात बदलून प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, जाते. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहाचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटाला ठरलेले एक अक्षर द्यायचे. झाले! दिसायला गूढ, पण उलगडायला कसलीच किल्ली लागत नाही. गुप्तता येते ती एचटीटीपीएसमुळे, म्हणजे सगळा संवाद कूटबद्ध करणाऱ्या जोडणीमुळे. तिथे सर्व्हरची ओळख प्रमाणपत्राने पटते; सर्व्हरने स्वतःच तयार केलेल्या प्रमाणपत्रावर क्लायंट अडला की बरेच जण पडताळणीच बंद करून टाकतात. मग पलीकडून जो कोणी बोलेल, त्याच्या हाती पासवर्ड पडतो.

पासवर्ड जावास्क्रिप्टमध्ये लिहिणे त्याहून वाईट. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडला की तो कुणालाही वाचता येतो. कोणत्या साइटच्या पानाला उत्तर वाचू द्यायचे हे ठरवणाऱ्या सीओआरएस नियमाचा इथे उपयोग नाही. तो नियम ब्राउझर पाळतो, हल्लेखोराची स्क्रिप्ट कशाला पाळेल?

म्हणून मध्ये आपला एक छोटा सर्व्हर ठेवावा. ब्राउझर त्याच्याशी बोलेल आणि एपीआय की (पासवर्डऐवजी प्रोग्रामला दिलेली गुप्त किल्ली) त्याच्याजवळच राहील. ही की एकाच इंडेक्सपुरती (नोंदींच्या एका संचापुरती), फक्त वाचण्याची आणि मुदतीची असावी. ती वापरून एक शोध घ्यावा, मग मुद्दाम एखादी नोंद पुसायचा प्रयत्न करावा. पहिल्याला २०० (यशस्वी) आणि दुसऱ्याला ४०३ आले, की जोडणी नीट झाली.