फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचा अपग्रेड भाव: आला कुठून, गेला कुठे

नवरात्र जवळ आली की आपल्या बडोद्यातल्या फोटोग्राफर मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो, सॉफ्टवेअर स्वस्त कुठे मिळतंय आणि जुन्या व्हर्जनवर काही सूट आहे का. आधी गरबा, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, काम डोक्यावर असतं आणि बहुतेक जण कूपन कोड शोधत बसतात. पण सूट का द्यायचे आणि ती बंद का झाली हे कळलं तर शोधणं बरंच सोपं होतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

फोटोशॉप बाजारात आलं फेब्रुवारी १९९० मध्ये, थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांचं काम, फक्त मॅकवर चालायचं आणि किंमत ८९५ डॉलर. तेव्हा डॉलर साधारण १७ रुपयांना होता, म्हणजे ड्युटी धरली नाही तरी १५ हजार झाले, मॅकचे पैसे वेगळेच. आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओला हे झेपणारं नव्हतं. बॉक्समध्ये विकायच्या सॉफ्टवेअरची अडचण अशी की गिऱ्हाईक एकदाच पैसे देतं, मग कंपनीला पुढचा पैसा नवीन व्हर्जनवरच मिळणार, आणि ज्याचं जुनं नीट चालतंय तो पूर्ण किंमत परत कशाला देईल? तिथून अपग्रेड भाव आला. जुनी भांडी मोडीत देऊन नवीन घेताना दुकानदार जसे पैसे वळते करतो तसंच, फक्त इथे भांड्याऐवजी जुना सीरियल नंबर टाकायचा. फोटोशॉपचं २०१२ चं व्हर्जन, सीएस६, नवीन घेणाऱ्याला ६९९ डॉलरला होतं आणि जुन्यावरून येणाऱ्याला १९९ ला, फरक केवढा बघा. शिवाय स्कॅनरबरोबर फोटोशॉपची एलई नावाची छोटी आवृत्ती फुकट यायची, तीही आत शिरायची एक वाट होती.

आता खरी गोष्ट. लोक प्रत्येक व्हर्जन घेत नसत, एखादं सोडून घ्यायचे, कारण मागच्या तीन व्हर्जनपर्यंत अपग्रेड भाव मिळायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये फोटोशॉप विकणाऱ्या अडोबी कंपनीने सांगितलं की सीएस६ ला हा भाव फक्त सीएस५ आणि ५.५ वाल्यांना मिळेल. प्रचंड ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये सीएस३ आणि सीएस४ वाल्यांनाही २०१२ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. सगळे २०१३ च्या सबस्क्रिप्शनलाच दोष देतात, पण माझ्या मते गाडी वळली ती इथे, जुनं गिऱ्हाईक त्याच्या सोयीने थांबू शकतं ही गोष्टच कंपनीला नकोशी झाली होती. मे २०१३ मध्ये सीएस७ येणार नाही, यापुढे फक्त क्रिएटिव्ह क्लाऊड, म्हणजे पैसे भरत राहाल तोपर्यंतच वापरायचं सबस्क्रिप्शन, असं जाहीर झालं. त्या सप्टेंबरात फोटोशॉप आणि लाइटरूम (अडोबीचंच फोटो निवडून सुधारायचं सॉफ्टवेअर) मिळून महिना ९.९९ डॉलरची योजना आली, ती सुरुवातीला सीएस३ किंवा पुढचं असणाऱ्यांसाठीच होती आणि नंतर सगळ्यांना खुली केली. म्हणजे जुन्या मालकाला म्हणून मिळालेली ती शेवटची मोठी सूट. लाइटरूम ६ हे २०१५ चं, एकदाच पैसे देऊन मिळणारं शेवटचं. आणि ती ९.९९ ची, २० जीबी ऑनलाइन जागेची योजनासुद्धा जानेवारी २०२५ पासून नवीन लोकांना बंद.

अपग्रेड भाव जायचं दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे, ॲपलचं ॲप स्टोअर. तिथे जुन्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव लावायची सोयच नाही. २०१५ मध्ये सेरिफ कंपनीचं, त्याच स्टोअरवर विकलं जाणारं अफिनिटी फोटो ५० डॉलरच्या आत आलं आणि पुढची कितीतरी वर्षं अपडेट फुकट दिली, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरं व्हर्जन काढलं तेव्हा ४० टक्के सूट जुन्या-नव्या सगळ्यांना सारखीच, आणि पहिल्यापासून साथ देणाऱ्यांना ते लागलं, मला वाटतं लागणारच. पुढे २०२४ मध्ये कॅन्व्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी फुकटच झालं. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न सुधारलेली फाइल) एडिट करायच्या कॅप्चर वननेही फेब्रुवारी २०२३ पासून अपग्रेड भाव काढून टाकला.

मग आज सूट कुठे बघायची? एक तर नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे, जो नेमका आपल्या लग्नसराईच्या तोंडावर येतो, म्हणून गरब्याच्या गडबडीत पूर्ण भावाने घेऊ नका, तोपर्यंत ट्रायलवर काम चालतंय का बघा. घरात कुणी सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये किंवा इतर कॉलेजात असेल तर स्टुडंट भाव असतो, पण तो त्या मुलाच्या नावावर आणि बऱ्याचदा पहिल्या वर्षापुरताच, कमर्शियल कामाची अट कंपनीगणिक वेगळी, ती आधी वाचा. स्टुडिओचा जीएसटी नंबर असेल तर बिल त्या नावावर घ्या, १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून, वळते होतात आणि ही सूट आपले लोक सर्रास सोडून देतात. आणि एका गोष्टीची फार काळजी घ्या, महिन्याला पैसे पण करार वर्षाचा अशी योजना असते, अडोबीच्या अशा योजनेत मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे अर्धे पैसे भरावे लागतात, अमेरिकेत २०२४ मध्ये सरकारी आयोगाने यावरूनच कंपनीवर केस केली.

ज्याला फुकट चालतं त्याच्यासाठी १९९६ पासूनचं गिंप आहे, रॉ फाइलला डार्कटेबल आहे, दोन्ही चांगली, शिकायला वेळ द्यावा लागतो एवढंच.

आणि ज्याला जुन्या पद्धतीचा अपग्रेड भावच हवाय त्याने डीएक्सओ कंपनीचं सॉफ्टवेअर बघावं. त्यांचं फोटोलॅब अजून एकदाच पैसे देऊन मिळतं, नवीन व्हर्जन अलीकडे दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतं आणि आधीचं असणाऱ्याला कमी भावात मिळतं, अगदी जुन्या व्हर्जनला मात्र नाही. तो भाव बघायला ज्या ईमेलवर पहिली खरेदी केली होती त्याच खात्यात लॉगिन करावं लागतं, म्हणून ते ईमेल आणि पासवर्ड सांभाळून ठेवा.