गर्भवयनिश्चिती

गर्भवयनिश्चिती : गर्भ किती आठवड्यांचा आहे, हे ठरविण्याची पद्धती. गणना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. त्यामुळे ‘सहा आठवडे’ म्हटलेल्या गर्भाचे प्रत्यक्ष वय चार आठवड्यांच्या आसपास असते.

स्त्रीबीज बहुधा पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. जपानमधील ओगिनो व ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी हे १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडले. प्राचीन भारतीय ग्रंथांत ऋतुकाल (गर्भधारणेला योग्य मानलेला काळ) पाळी येण्यापासून मोजलेला आहे. सुश्रुतसंहितेत तो १२ रात्रींचा, मनुस्मृतीत १६ रात्रींचा. मनुस्मृतीतील पहिल्या चार निंद्य रात्री वगळल्या की १२ उरतात, असा मेळ घालता येतो. मात्र अष्टांगहृदयात पहिल्या तीन वर्ज्य रात्री १२ मध्येच धरल्या आहेत. तेव्हा या परंपरा मुळातच वेगळ्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रसूतीच्या तारखेसाठी जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले (१७७८–१८५१) यांचा नियम रूढ आहे : तीन महिने मागे जाऊन सात दिवस मिळवावे. १० जूनच्या पाळीस १७ मार्च येते, म्हणजे २८० दिवस. नियमाचे मूळ डच वैद्य बूर्हाव्ह यांच्या लिखाणात आहे. हे सात दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे की अखेरच्या, हे तेथे स्पष्ट नाही. व्यवहारात पहिला दिवस स्थिरावला. मूळ मजकुराला अखेरचा दिवस जवळचा असावा. नियम २८ दिवसांच्या चक्राला लागू पडतो. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीची तारीख आठवडाभर पुढे जाते.

बीजमोचनापासून, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यापासून, मोजल्यास २६६ दिवस भरतात. नऊ चांद्रमासही जवळजवळ तेवढेच होतात. लोकव्यवहारातले ‘नऊ महिने नऊ दिवस’ पाळीपासून मोजले, तर नेगेलेंच्या तारखेहून दोनच दिवस पुढे जातात.

नाशिक जिल्ह्यात आशाताई नोंदणीच्या वेळी पाळीची तारीख विचारतात, तेव्हा उत्तर अनेकदा पंचांगातून किंवा शेतीच्या कामातून येते : ‘पोळ्याच्या आदल्या बुधवारी’, ‘ऑक्टोबर छाटणी चालू होती तेव्हा’. पोळ्याची अमावास्या दिनदर्शिकेत पाहून तारीख नेमकी काढता येते. द्राक्षबागांची छाटणी मात्र गावागणिक मागेपुढे होते आणि कार्डावर अदमासे तारीख पडते.

अशा वेळी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी निर्णायक ठरते. डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची गर्भाची लांबी मोजून वय काढण्याची रीत ग्लासगो येथे १९७३ मध्ये पुढे आली, ८४ मिमी.पर्यंत ती वापरतात. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संकेतानुसार नऊ आठवड्यांपूर्वी पाच दिवसांहून, व त्यानंतर चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत सात दिवसांहून अधिक फरक दिसल्यास सोनोग्राफीची तारीख धरतात. एकदा निश्चित झालेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलत नाहीत, कारण पुढे गर्भागर्भांच्या वाढीतच फरक पडत जातो.