रहस्य-रील

रहस्य-रील : न उलगडलेली घटना, विलक्षण स्थळ किंवा एखाद्या कटाचा दावा साधारण ३० ते ९० सेकंदांत सांगणारा उभा व्हिडिओ. इन्स्टाग्रामवर त्याला रील, यूट्यूबवर शॉर्ट म्हणतात. बनवण्याची रीत मात्र एकच. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. मराठीत हमखास चालणारे विषय म्हणजे वेरूळचे कैलास लेणे, लोणारचे विवर, हरिश्चंद्रगडावरचे इंद्रवज्र (गोलाकार इंद्रधनुष्य), नाणेघाटाचा उलटा धबधबा आणि कोकणातली कातळशिल्पे.

विषय निवडताना पहिला प्रश्न असा की रहस्य खरोखर उरले आहे का. कातळशिल्पांचे उरले आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची ही चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण ती कोणी आणि नेमकी कधी कोरली हे ठरलेले नाही. लोणारमध्ये उलगडलेले आणि न उलगडलेले असे दोन्ही प्रकार एकाच जागी सापडतात. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले, त्याचे उत्तर मिळालेले आहे: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्याच्या नमुन्यांत खारटपणात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव आढळले. विवराच्या वयाचा प्रश्न मात्र खरा आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. चांगला निर्माता हा दुसरा प्रश्न घेतो. बहुतेक जण पहिलाच घेतात आणि उत्तर गाळतात.

उत्तर कसे गाळले जाते हे कैलास लेण्याच्या व्हिडिओंत स्वच्छ दिसते. ठरलेली संहिता अशी असते: ४ लाख टन दगड, १८ वर्षे, म्हणजे रोज १२ तास काम धरले तर तासाला ५ टन; हे माणसाला अशक्य, म्हणून परग्रहवासी. भागाकार बरोबर आहे, पण तो फक्त वेळेने केलेला आहे, माणसांच्या संख्येने नाही. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक माणूस दिवसाला सुमारे ४ घनफूट दगड फोडतो असे धरून २५० कामगारांना साडेपाच वर्षे पुरतील असा अंदाज मांडला होता. ४ घनफूट बेसाल्टचे वजन सुमारे ३१५ किलो भरते. २५० माणसांचे दिवसाचे काम जवळजवळ ७९ टन होते, आणि व्हिडिओतल्या फुगवलेल्या आकड्यांनाही दिवसाला ६१ टनच लागतात. हा हिशेब पडद्यावर १२ सेकंदांत मावतो.

याच विषयाचा दुसरा धागा अधिक सुंदर आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने हे देऊळ उभारल्याचा उल्लेख बडोद्याला मिळालेल्या इ. स. ८१२च्या ताम्रपटात आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले आणि हे मानवी काम नव्हे, स्वयंभू आहे असे म्हणाले, असे त्यात वर्णन आहे. लगेच पुढे येते की ते घडवणारा शिल्पीही, हे आपण कसे केले, म्हणून चकित झाला. पहिले वाक्य उचलले तर परग्रहवासी उभे राहतात. दोन्ही वाचली तर दगडासमोर उभा असलेला एक माणूस दिसतो. त्या माणसाचे श्रेय हिरावून घेणारा व्हिडिओ कितीही चालला तरी वाईटच. दृश्य म्हणून आठव्या शतकातलेच कर्नाटकातल्या पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर शेजारी दाखवावे. त्या रचनेशी कैलासचे नाते नुसत्या डोळ्यांनी कळते.

संहिता. ६० सेकंदांत स्पष्ट मराठी निवेदनाचे १३० ते १४० शब्द बसतात. १७० भरले की श्वास तुटतो आणि नावे ऐकू येत नाहीत. पहिल्या तीन सेकंदांत स्थळाचे नाव आणि एक ठोस विसंगती यावी. ‘तुम्हाला माहीत आहे का’ने सुरुवात केली की अर्धा वेळ तिथेच जातो. साधारण विसाव्या सेकंदापर्यंत दावा, पंचेचाळिसाव्यापर्यंत पडताळणी, मग जे खरोखर उरते ते. उत्तर निवेदनातच हवे, व्हिडिओखालच्या मजकुरात नको; तो फार थोडे लोक उघडतात. ‘उत्तर दुसऱ्या भागात’ ही युक्ती त्याहून घातक. पहिला भाग पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांपर्यंत दुसरा कधी पोहोचतच नाही, आणि त्यांच्याकडे दावा तेवढा राहतो. मोह कुठून येतो हेही उघड आहे: शॉर्ट्सवरच्या जाहिरातींत वाटा मिळण्यासाठी यूट्यूबला १,००० सदस्य आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात, आणि दोन भाग केले की व्ह्यूज वाढतील असे वाटते.

शेवट कापण्याचे परिणाम गंभीर असतात. २०१८ मध्ये मोटारसायकलवरून मूल पळवल्याचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर देशभर फिरला. तो मूळचा कराचीतल्या जनजागृतीपर जाहिरातीचा तुकडा होता; मूल परत आणून सोडले जाते आणि फलक दाखवला जातो, तो भाग कोणीतरी काढून टाकला होता. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. म्हणून हयात माणूस, समाज, गाव किंवा एखाद्याचे घर यांच्यावर संशय येईल असा विषय या प्रकारात घेऊ नये.

चित्र आणि आवाज. चौकट १०८० × १९२० पिक्सेलची, वेग सेकंदाला ३० फ्रेमचा. एका मिनिटाला १५ ते २० दृश्ये पुरतात. खालचा सुमारे पाचवा भाग आणि उजवी कड बटणांखाली जाते, म्हणून अक्षरे मध्यावर ठेवावीत. केंद्रीय संरक्षित स्मारकात ड्रोनला आणि स्टँड लावून केलेल्या चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. विकिमीडिया कॉमन्सवरचे छायाचित्र वापरले तर त्याची परवाना-अट पाहून छायाचित्रकाराचे नाव द्यावे. दुसऱ्या ठिकाणचे दृश्य भरीला घातले तर त्यावर तसे लिहावे. भलत्याच विवराचे चित्र लोणार म्हणून लावणे ही नेहमीची चूक आहे.

पार्श्वसंगीत निवेदनापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली ठेवावे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खर्जातली घुमघुम ऐकूच येत नाही, नुसता आवाज दबतो. उपशीर्षकांना ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) यांसारखा युनिकोड टंक वापरावा; युनिकोड नसलेल्या जुन्या टंकातला मजकूर चिकटवला तर अक्षरांचा गोंधळ होतो. काही संपादन ॲपमध्ये युनिकोड असूनही ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरे फुटतात. तेव्हा ओळी दुसरीकडे लिहून चित्र म्हणून आणाव्यात.

एआय आवाज स्वस्त पडतो, पण हिंदीवर घडवलेला आवाज ‘ळ’चा ‘ल’ करतो, ‘चोर’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ सारखाच उच्चारतो आणि आकडे हिंदीत वाचतो. संहितेत ‘१८२३’ऐवजी ‘अठराशे तेवीस’ लिहावे. आवाज स्वतःचा असेल तर उत्तमच. गादी-पडद्यांच्या खोलीत साध्या कॉलर माइकवरही चांगले ध्वनिमुद्रण होते. एआयने बनवलेले, खरे वाटेल असे दृश्य असल्यास चढवताना तशी नोंद करणे यूट्यूबने २०२४ पासून बंधनकारक केले आहे.

कायदा. भूत, करणी, चमत्कार हे विषय महाराष्ट्रात महाराष्ट्राच्याच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणे किंवा दहशत बसवणे त्यात गुन्हा आहे. लोककथा सांगताना ती लोककथा असल्याचे निवेदनात म्हणावे.

दुरुस्ती. चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही. किरकोळ चूक, जसे सनावळीतला एखादा आकडा, वर खिळवलेल्या टिप्पणीत सुधारता येते. मुख्य दावाच चुकला असेल तर व्हिडिओ काढून टाकावा आणि नव्या व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांत काय चुकले होते ते सांगावे.