विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइडच?

‘विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉइड पक्का, निगेटिव्ह आली की सुटलो’ असा समज घरोघरी आहे. तो होणं साहजिकच, कारण रिपोर्टवर ठळक अक्षरांत तसंच छापलेलं असतं.

पण १८९६ सालची ही चाचणी जंतू शोधतच नाही. साल्मोनेला टायफी या टायफॉइडच्या जंतूच्या आवरणावरचा ‘ओ’ आणि शेपटीवरचा ‘एच’ या दोन घटकांविरुद्ध आपल्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आहेत का, एवढंच ती पाहते. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची निगेटिव्ह फसवी. उलट पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड किंवा साल्मोनेलाच्या एखाद्या भाऊबंदाचा संसर्ग यामुळेही आकडा वर दिसतो. आपल्याकडे १:८० (म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडं दिसणं) तर निरोगी माणसांतही सापडतं.

मग पडताळायचं कसं? भरवशाची वाट ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची, आणि रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचं. (तरी कल्चरमध्ये दर वेळी जंतू सापडेलच असं नाही.) विडालच करायची तर ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोनदा, आकडा चौपट चढला तर त्याला अर्थ.

गंमत म्हणजे प्रतिपिंडांची खरी कमाल उलट्या दिशेने दिसते. कल्चरमध्ये वाढलेला जंतू काचपट्टीवर घेऊन त्यात माहितीतल्या प्रतिपिंडांचा थेंब मिसळतात. जुळलं तर मिनिटभरात बारीक गुठळ्या. अंडी-चिकनमधून येणाऱ्या जंतूंसह साल्मोनेलाचे २,५०० हून अधिक प्रकार याच युक्तीने वेगळे ओळखता आले.